नेलपॉलिश लावलेली काडतुसं

नेमबाजांच्या क्लबमधला कुणी वारला की त्याने भरून ठेवलेली काडतुसं दुसरं कुणी उडवत नाही. ती रेंजवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणतात आणि सगळे मिळून एकेक काडतूस खोलतात. पितळी पुंगळ्या क्लबला जातात, गोळ्या ज्याला हव्या त्याला, आणि बारूद बाहेर गवतावर पसरतात. गवत चांगलं पोसतं. याला तिथे मोकळं करणं म्हणतात. हाताने भरलेल्या काडतुसात नक्की काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि तो तर आता सांगायला नसतो.

एल्डन स्ट्रँडची काडतुसं मोकळी करायच्या शनिवारी त्याची मुलगी मारित शेडमध्ये शिरली, तेव्हा लायल बेकस्ट्रॉम आधीच मधल्या टेबलाशी बसला होता. त्याने भाषण लिहून आणलं होतं. शिवाय बायकोने केलेली नारिंगी जेलीही आणली होती. जेलीत किसलेलं गाजर होतं. पूर्व मोंटानात माणूस मेला की ही जेली येतेच, आणि ती खाताना कुणाला शोक आवरावा लागत नाही.

"ये पोरी," लायल म्हणाला. "तुझी जागा राखलीय. तू नुसतं बस. हात काळे करायचं काम आमचं."

"माझे हात धुता येतात," मारित म्हणाली आणि वडिलांची लाकडी पेटी टेबलावर ठेवली.

लायल हसला. तो नेहमीच हसायचा, आणि कशाला हसतो हे बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसायचं. गावात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. त्याच्याकडे क्लबमधली सर्वांत महागडी दुर्बीण, सर्वांत महागडी रायफल आणि सर्वांत स्वस्त धीर होता. "नेम धरतो प्रेअरी डॉगवर आणि लागतो मोंटानाला," असं एल्डन त्याच्या तोंडावर म्हणायचा. लायल ते स्वतःच चारचौघांत सांगत फिरायचा, कारण एल्डन स्ट्रँड आपल्याशी बोलतो हे त्यातून सिद्ध व्हायचं.

एल्डन फारसा कुणाशी बोलायचा नाही. दुकानातून विकत आणलेली काडतुसं वापरणारे लोक त्याच्या लेखी माणसांत जमा नव्हते. मुलगी मिझूलाच्या कॉलेजात साहित्य शिकवते, याबद्दल तो म्हणायचा, "आधीच लिहून झालेलं पोरांना पुन्हा सांगायचं, त्याला पगार मिळतो म्हणे." बायको स्पोकेनला निघून गेली तेव्हा तो तळघरात पुंगळ्यांच्या माना एकसारख्या कापत बसला होता. ती गेल्यावरही तो तेच करत राहिला. प्रेअरी डॉग, म्हणजे हातभर लांबीचा, खारीच्या जातीचा एक प्राणी, बिळातून मान वर काढतो तेवढ्यात त्याला पार माळाच्या पलीकडून टिपायचं. त्यासाठी गोळीचा वेग, बारुदाचं वजन, पुंगळीची लांबी, सगळं केसाइतकंही न चुकता जमवायचं. त्यातली निम्मी काळजी त्याने माणसांची घेतली असती तर घरात तीन माणसं राहिली असती. मारितला हे लहानपणीच कळलं होतं. तरी ती शाळेतून आली की तळघराच्या पायरीवर जाऊन बसायची, कारण घरात तेवढ्या एकाच खोलीत काहीतरी नीट चाललेलं असायचं.

आईची नेलपॉलिशची एक बाटली मागे राहिली होती, गडद लाल. एल्डनने ती कामाला लावली. जी काडतुसं त्याने फक्त स्वतःच्या रायफलसाठी, तिच्या खोबणीच्या मापाने, अगदी कडेपर्यंत जोर काढून भरलेली असत, त्यांच्या पेंद्याला तो लाल ठिपका लावायचा. दुसऱ्याच्या रायफलीत ती घालायची नाहीत. बाटली संपली तेव्हा तो औषधांच्या दुकानात गेला, तीच छटा शोधली, आणि दोन बायकांच्या मध्ये रांगेत उभा राहून घेऊन आला. लाल ठिपका म्हणजे काय, हे क्लबमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. लायललाही.

मागच्या जुलैत, क्लबच्या सामन्यात, लायलच्या रायफलीत लाल ठिपक्याचं काडतूस होतं.

पेंद्यातली टोपी फुटली, गरम वायू मागे आला, रायफलीचा बोल्ट असा अडकला की हातोडीने ठोकून काढावा लागला. लायलची भुवई जळली आणि गालावर नखाएवढी जखम झाली. त्याने तिच्यावरची पट्टी ऑगस्ट संपेपर्यंत मिरवली. आधी तो म्हणाला, म्हाताऱ्याने दुप्पट बारूद भरला. तेव्हा रेंजचा कप्तान मिल्टन ओडेगार्ड म्हणाला की एल्डनची पुंगळी मानेपर्यंत भरलेली असते, तिच्यात दुप्पट घालणं म्हणजे भरल्या बादलीत आणखी एक बादली ओतणं. मग लायल म्हणू लागला की बारूदच चुकीचा भरला. आणि शेवटी तो म्हणाला की सामन्याच्या सकाळी एल्डननेच त्याला आपल्या स्वयंपाकघरात डबा दिला, आणि वर सांगितलं, वापर, तुझ्या रायफलीतही चालतील.

"म्हातारा होत चाललाय," तो प्रत्येकाला सांगायचा, मान हलवून, प्रेमाने. "जूनमध्ये बिलिंग्जला हृदयाचं ते झालं ना, तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही. मी त्याला दोष देत नाही."

लोकांनी एल्डनला विचारलं. एल्डनने खूप वेळ विचार केला आणि म्हणाला, "दिलं असेल."

फोनवर तो मारितलाही तेच म्हणाला होता. "दिलं असेल. मला आठवत नाही. पण तो म्हणतो तर दिलं असेल." तेव्हापासून तो तळघरात उतरला नाही. मे महिन्यात गेला.

मारितला आज एवढंच हवं होतं: वडिलांचा हात खरंच चुकला होता का, आणि त्यांनी ते खरंच दिलं होतं का. चुकला असेल तर चुकला. तिला ते मान्य करता आलं असतं. लायलच्या तोंडून ऐकून मात्र तिला काहीच मान्य करायचं नव्हतं. तो आज शनिवार आहे म्हणाला असता तरी तिने कॅलेंडर बघितलं असतं.

लायलने भाषण वाचलं. त्यात एल्डन 'गरुडाच्या नजरेचा' होता, 'दिलदार' होता, आणि 'शेवटच्या दिवसांत काळाने त्याच्यावर थोडा अन्याय केला' होता. रँडी श्वाब, जो कुणाच्याही भाषणात जागा राहत नसे, तो दिलदारपाशी मात्र दचकून जागा झाला.

"दिलदार कोण?" त्याने विचारलं.

"एल्डन."

"कुठला एल्डन?"

"वाचू दे की," मिल्टन ओडेगार्ड म्हणाला.

मारित ओडेगार्डना अजूनही मिस्टर ओडेगार्ड म्हणायची, कारण ती शाळेत असताना ते तिची बस चालवायचे. त्यांनी तिला हातोडा दिला. हा हातोडा प्लास्टिकचा, पोकळ डोक्याचा असतो. काडतूस आत उलटं अडकवायचं, लाकडाच्या ठोकळ्यावर आपटायचं, की गोळी पुंगळीतून सुटते आणि बारुदासकट हातोड्याच्या पोटात पडते. तिने पहिलं काडतूस तीन ठोक्यांत मोकळं केलं. लायल तिच्या हाताकडे बघत राहिला. साहित्यवाल्या बाईने अंगठा तरी ठेचून घ्यावा अशी त्याची अपेक्षा असावी.

घरून आणलेले डबे झाले. सगळे प्लास्टिकचे डबे एकसारखे, झाकणं सपाट, आत काडतुसं शिपायांसारखी उभी. मग मारित म्हणाली, "मिस्टर ओडेगार्ड, कपाटातला तोही द्या."

जुलैच्या त्या डब्यातली उरलेली काडतुसं क्लबच्या कपाटात कुलपात होती. कुणी उघडून बघितली नव्हती. दुसऱ्याचं भरलेलं, तो जिवंत असताना मोकळं करणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. एल्डननेच येऊन ती न्यायला हवी होती, आणि एल्डन आला नव्हता.

"राहू दे ना," लायल म्हणाला. "गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं? मी सगळं विसरलोय. माझी भुवईसुद्धा आली."

"आली हे दिसतंय."

"मी तुझ्या भल्यासाठी सांगतो. काही निघालं तर तुलाच वाईट वाटेल."

"वाटलं तर वाटलं."

ओडेगार्डनी डबा आणला. त्याला भोवतीने रबरबँड होता. मारितने तो काढला आणि झाकण उघडलं. लाल ठिपके रांगेत उभे होते, आणि एक रांग मोडलेली होती. तिने पहिलं काडतूस उचललं, परत जागेवर ठेवलं आणि पुन्हा उचललं. आपल्याला भीती वाटते आहे हे तिला त्यावरूनच कळलं. आतून चुकीचा बारूद निघाला तर हे शेड, हे लोक आणि ही जेली घेऊन लायल बरोबर ठरणार होता, आणि तो उरलेला जन्म बरोबर असण्यात घालवणार होता.

तीन ठोके. तिने हातोड्याचं झाकण फिरवून बारूद पांढऱ्या बशीत ओतला. बारीक काड्यांचा, राखाडी, तळघरातल्या डब्यातला होता तसाच. एल्डनच्या टेबलावर एका वेळी बारुदाचा एकच डबा असायचा. दुसरा काढायचा तर पहिला आधी फळीवर जाऊन बसायचा. रँडीने वाकून बघितलं.

"तोच आहे," तो म्हणाला.

ओडेगार्डनी बशीतला बारूद पेटीतून काढलेल्या एल्डनच्याच वजनकाट्यावर ठेवला. काटा डुलला, थोडा वर गेला, खाली आला, आणि मधल्या रेघेवर, ठरलेल्या वजनावर, थांबला. मारितने दुसरं मोकळं केलं. काटा डुलला आणि त्याच रेघेवर थांबला. तिसऱ्यालाही. चौथ्यापासून माणसं खुर्च्या ओढून जवळ आली. पुढे पुढे तर ते काट्याकडे बघण्याआधीच मान डोलवू लागले.

"बरं," लायल म्हणाला. "म्हणजे तेवढं एकच चुकलं होतं."

"एकच चुकलं," मारित म्हणाली, "आणि तेच नेमकं तुमच्या हाताला लागलं."

"नशीब."

"तुमच्या नेमाच्या मानाने फार अचूक नशीब आहे."

रँडी खाली बघून हसला.

"ठीक आहे, बारूद बरोबर असेल," लायल म्हणाला. त्याचा आवाज थोडा चढला होता. "पण माझ्या रायफलीला ते झेपणारं नव्हतं हे एल्डनला कळायला नको? लाल ठिपक्याचं त्याने दिलंच कसं? मी तेच तर म्हणतोय केव्हापासून. डोकं. हात नाही, डोकं."

मारितला वाटलं, इथपर्यंतच. बारूद बोलतो, काटा बोलतो, पण स्वयंपाकघरात दोन माणसांत काय झालं ते कुठलंच यंत्र सांगत नाही, आणि त्या दोघांपैकी बोलायला हा उरला आहे. डब्यात एकच काडतूस उरलं होतं; ते तसंच ठेवून तिने डबा मिटायला घेतला. झाकण बसेना. तिने दाबलं, एका बाजूने बसलं तर दुसऱ्या बाजूने उचललं जाई. मधे ते पापडासारखं फुगून वाकलं होतं. घरून आणलेल्या डब्यांच्या रांगेत ते ठेवलं तर लगेच नजरेत भरत होतं.

"हे असं कशाने झालं?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"क्लबच्या कपाटाने," रँडी म्हणाला. "त्यात ठेवलेलं सगळंच वाकडं होतं. मागे मिल्टन त्यात उभा राहिला होता."

सगळे हसले. लायलला मात्र वाटलं, हेही आता त्याच्यावर ढकलणार. काही माणसांना मोठा आरोप झेपतो. लहान झेपत नाही.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "सामन्याच्या दिवशी मी डबा फेकला, आपटला, असलं काही केलेलं नाही. पहिल्या गवतकापणीच्या वेळीच ते झाकण तसं होतं. मी रबरबँड लावून चालवत होतो."

हसणं एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत जाता जाता विझलं. रँडीचं सर्वांत शेवटी.

"पहिल्या कापणीच्या वेळी," ओडेगार्ड म्हणाले.

"म्हणजे साधारण. त्या सुमाराला."

"पहिली कापणी जूनमध्ये असते, लायल."

"मला माहीत आहे कापणी कधी असते."

"आणि सामना जुलैच्या शेवटी होता. तू म्हणालास, सामन्याच्या सकाळी त्याने दिलं."

"अरे, दिवसांचं कुणाला आठवतं."

"जूनमध्ये एल्डन बिलिंग्जला होता," ओडेगार्ड सावकाश म्हणाले. "मीच सोडलं होतं त्याला. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, घराची किल्ली लायलला दिलीय, मांजराला खायला घालायला, आता मांजर जगलं तर बघू."

मारित लायलकडे बघत होती. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला एक जुनी गोष्ट दिसली: लायलचा पिकअप, आणि त्याच्या पुढच्या काचेखालचा तो लांब फळीवजा भाग, जिथे त्याचा सगळा संसार असायचा. हातमोजे, बिलं, सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट, पक्कड, चष्मा. उन्हात भाजून निघालेला, प्लास्टिक वाकवेल इतका. काडतूस तापलं की आतला जोर वाढतो, हे नवख्यालाही पहिल्याच दिवशी सांगतात. तिचे वडील आपली काडतुसं थंडपेटीत, सोड्याच्या बाटल्यांशेजारी, पिकअपच्या सावलीत ठेवायचे. एल्डन काडतुसांना सहलीला नेतो, असं लोक हसायचे. सर्वांत मोठ्याने कोण हसायचं तेही तिला आठवलं.

"तळघरात ऊन येत नाही," ती म्हणाली. "तुमच्या पिकअपच्या काचेखाली येतं. किती दिवस होता डबा तिथे?"

"मित्राचा होता," लायल म्हणाला. मग घाईने आणखी म्हणाला, "त्याच्याकडे कपाटभर होती. दुर्बीण नवीन, रायफल नवीन, एकदा तरी माणसासारखा नेम लागावा असं मलाही वाटतं. मी मागितलं असतं तर त्याने दिलं असतं."

"नसतं दिलं. म्हणून तर मागितलं नाहीत."

"पण त्याने स्वतः कबूल केलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. दिलं असेल म्हणाला."

"हो," मारित म्हणाली. "आयुष्यभरात त्यांनी तुमचं एवढं एकच म्हणणं खरं मानलं."

तिने हे हळू आवाजात सांगितलं, वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल इतकंच. लायलने भाषणाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. हा माणूस चोर म्हणावा इतकाही मोठा नव्हता. एखाद्या मोठ्या दुष्ट माणसाने आपल्या बापाला मोडलं असतं तर निदान त्याचा द्वेष करता आला असता. हा मांजराला खायला घालायला आला, तळघरातल्या फळीवरचा डबा बघितला, खिशात घातला, काचेखाली टाकला आणि विसरला. आणि मग आपली भुवई वाचवायला त्याने एका म्हाताऱ्याचं डोकं गावभर वाटून टाकलं, प्रेमाने, मान हलवत.

लायल उठला. दारापाशी जाऊन थांबला. काहीतरी बोलण्याची ती जागा होती, आणि ते त्यालाही कळलं असावं.

"जेलीचा बाउल," तो म्हणाला. "रिकामा झाला की घरी पाठवा. सेटमधला आहे."

"आत्ताच घेऊन जा," रँडी म्हणाला आणि भरलेला बाउल उचलून त्याच्या हातात दिला.

लायलचा पिकअप धूळ उडवत गेला. शेडमध्ये माणसं इकडेतिकडे बघू लागली. एल्डनबद्दल गेलं वर्षभर जे जे बोलून झालं होतं ते आता कुठे ठेवावं हे कुणाला कळेना. कुणीतरी म्हणालं, एल्डन ग्रेट माणूस होता. कुणीतरी म्हणालं, मला तेव्हाच शंका आली होती. मारितने त्या माणसाकडे बघितलं. शंका आलेले लोक नेहमी इतके उशिरा का भेटतात, हा प्रश्न तिने विचारला नाही.

मग एक जण म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. दुसऱ्याला सिगारेट आठवली. तिसऱ्याला फोन करायचा होता. रँडी काहीच न सांगता उठला.

शेडच्या खिडकीला धुळीचा थर होता, तरी बाहेर उभ्या पिकअपच्या रांगेतलं सगळं दिसत होतं. उन्हात काचा पांढऱ्या झाल्या होत्या. एकेक माणूस आपापल्या गाडीशी गेला, आजूबाजूला बघितलं, दार उघडलं, काचेखाली हात घातला आणि काहीतरी काढून सीटखाली, सावलीत, सरकवलं. सिगारेट आठवलेल्या माणसाने सिगारेट पेटवली नाही. रँडीच्या हाताला चटका बसला असावा, कारण त्याने काडतुसांचा डबा या हातातून त्या हातात घेतला.

मारित खिडकीपासून बाजूला झाली. आपले वडील आज असते तर एवढे हसले असते की त्यांना खाली बसावं लागलं असतं, असं तिला वाटलं. मग तिला आठवलं की ते असते तर हे झालंच नसतं. ते घरात बसून राहिले असते, तळघराच्या दाराकडे पाठ करून. ती टेबलाशी आली. काटा अजून मधल्या रेघेवर होता. तिने त्याच्या पितळेवरून अंगठा फिरवला आणि शेवटचं लाल ठिपक्याचं काडतूस हातोड्यात अडकवलं.

ओडेगार्ड सर्वांत शेवटी बाहेर गेले आणि सर्वांत आधी परत आले. त्यांच्या हातात एक जुना डबा होता. त्यांनी तो टेबलाखाली, सावलीत ठेवला आणि मारितकडे न बघता खुर्चीवर बसले.

"ऊन फार आहे," ते म्हणाले.

"हो," मारित म्हणाली, आणि तिने पहिला ठोका घातला.